हाँगकाँगची सहल: आधी ऋतू, मग तिकीट

हाँगकाँग आणि वडोदरा ही दोन शहरे जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. विषुववृत्ताच्या उत्तरेला २२ अंशांहून किंचित पुढे. कर्कवृत्त दोन्ही शहरांच्या उत्तरेकडून जाते, म्हणजे भूगोलाच्या काटेकोर व्याख्येने हाँगकाँग उष्ण कटिबंधातच पडते. तरीही हवामानाच्या वर्गीकरणात त्याची गणना दमट उपोष्ण प्रदेशात होते, आणि त्याचे कारण उत्तरेला आहे. भारताच्या माथ्यावर हिमालय उभा असल्यामुळे मध्य आशियातली गोठलेली हवा खाली उतरू शकत नाही. दक्षिण चीनला असा आडोसा नाही. हिवाळ्यात सायबेरिया आणि मंगोलियावर थंड, जड हवेचा मोठा साठा तयार होतो आणि तिथून सुटलेले वारे चीनची भूमी ओलांडून समुद्रकिनाऱ्यापर्यंत येतात. त्यामुळे वडोदऱ्यात जानेवारीची दुपार उबदार असते, तेव्हा हाँगकाँगमध्ये स्वेटर लागतो. २४ जानेवारी २०१६ रोजी तिथल्या वेधशाळेत पारा ३.१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. १९५७ नंतर एवढी थंडी पडली नव्हती. ताई मो शान या ९५७ मीटर उंचीच्या डोंगरावर दहिवर पाहायला गेलेले कितीतरी लोक गारठून अडकले आणि त्यांना सोडवून आणावे लागले.

उन्हाळ्यात चित्र पालटते. वारे दक्षिण चीन समुद्रावरून येऊ लागतात, सोबत बाष्प आणतात, आणि मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत वर्षभरातला बहुतेक पाऊस पडून जातो. वर्षाचा एकूण पाऊस २,४०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण मुंबईइतकाच. मात्र मुंबईत पावसाळा आला की उकाडा कमी होतो. हाँगकाँगमध्ये पाऊस आणि उकाडा हातात हात घालून येतात. जुलैचे सरासरी तापमान २९ अंशांच्या जवळ असते, रात्रीही फारसे उतरत नाही, आणि हवेतल्या ओलाव्यामुळे घाम अंगावर वाळत नाही. उंच इमारतींच्या मधल्या गल्ल्यांत वारा पोहोचत नाही, शिवाय हजारो वातानुकूलन यंत्रे आपली उष्णता त्याच गल्ल्यांत सोडत असतात. कोकणात वाढलेल्या माणसालाही तिथला जुलै जड जातो.

म्हणून हाँगकाँगच्या सहलीचा पहिला निर्णय विमानाचा किंवा हॉटेलचा नसून महिन्याचा आहे. मराठी कुटुंबांच्या मोठ्या सुट्ट्या दोन, मे महिन्यातली आणि दिवाळीतली. त्यांतली मेची सुट्टी या शहरासाठी चुकीची आहे. तेव्हा वळिवासारख्या जोरदार सरी सुरू झालेल्या असतात आणि दमटपणा शिगेला पोहोचू लागतो. दिवाळीची सुट्टी मात्र अगदी नेमकी पडते. महाराष्ट्रात ऑक्टोबर म्हणजे पावसानंतरचा चटका. हाँगकाँगमध्ये त्याच महिन्याच्या मध्यापासून उत्तरेकडचे कोरडे वारे सुरू होतात, आकाश निवळते आणि दिवसाचे तापमान २२ ते २८ अंशांत राहते. ऑक्टोबरचा उत्तरार्ध, नोव्हेंबर आणि डिसेंबरचा पूर्वार्ध हे तिथले सर्वांत सुखाचे दिवस. जानेवारी आणि फेब्रुवारी थंड व बऱ्याचदा मळभाचे असतात. डोंगर चढायला हे महिने चांगले, पण वरून दिसणाऱ्या देखाव्याचा भरवसा नसतो. मार्च-एप्रिलमध्ये समुद्रावरची उबदार, ओली हवा हिवाळ्यात गार झालेल्या भिंतींना भिडते आणि घरांच्या फरशा व भिंती अक्षरशः पाझरू लागतात. धुके इतके दाट येते की समोरचा डोंगर नाहीसा होतो. ज्याला फक्त मॉल, संग्रहालये आणि खाणे एवढेच हवे आहे, त्याला हा काळ चालतो.

हवामानाखेरीज आणखी एक पंचांग पाहावे लागते, ते चिनी सणांचे. चिनी नववर्ष जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येते. तेव्हा रोषणाई सुंदर असते, पण छोटी दुकाने आणि उपाहारगृहे काही दिवस बंद राहतात. १ मे आणि १ ऑक्टोबरनंतरच्या सुट्ट्यांत मुख्य चीनमधून पर्यटकांचे लोंढे येतात आणि खोल्यांचे दर चढतात. व्यापारी प्रदर्शनांच्या आठवड्यांतही तेच होते. हिरे-दागिन्यांच्या प्रदर्शनांना मुंबई आणि सुरतहून जाणारे व्यापारी हे चांगलेच ओळखून असतात.

जून ते ऑक्टोबर या काळात जाणे भागच असेल, तर वादळांचे संकेत समजून घेतले पाहिजेत. हाँगकाँगची वेधशाळा १८८३ साली सुरू झाली आणि तिच्या इशाऱ्यांवर सारे शहर चालते. पश्चिम प्रशांत महासागरातली चक्रीवादळे, म्हणजे टायफून, आठशे किलोमीटरच्या टप्प्यात आली की १ क्रमांकाचा संकेत लागतो. तो फक्त सावधतेचा. ३ क्रमांकाला वारे जोराचे होतात, पण शहराचे काम सुरूच असते. त्यापुढचा संकेत थेट ८ क्रमांकाचा आहे. मधले ५ ते ७ हे आकडे पूर्वी होते. ५ ते ८ या चार आकड्यांनी वारा कोणत्या दिशेने येणार ते कळत असे. लोकांना ती वाऱ्याच्या जोराची चढती श्रेणी वाटे, त्यामुळे १९७३ पासून चारही दिशांना ८ हाच आकडा देण्यात आला. ८ लागला की शाळा, कचेऱ्या, बहुतेक दुकाने बंद होतात. बोटी आणि ट्राम थांबतात, बसगाड्या आगारात परततात, विमाने रद्द होतात. हा संकेत लावण्याच्या साधारण दोन तास आधी वेधशाळा तशी सूचना देते, म्हणजे घरी किंवा हॉटेलात परतायला तेवढा वेळ मिळतो. ९ आणि १० हे त्याहून भीषण. १६ सप्टेंबर २०१८ रोजी आलेल्या मांगखुत वादळाच्या वेळी १० क्रमांक लागला होता. उंच इमारतींच्या काचा फुटल्या आणि रस्तोरस्ती झाडे आडवी झाली.

पावसाचे इशारे वेगळे असतात आणि त्यांना रंग दिले आहेत. तासाला ३० मिलिमीटरहून अधिक पावसाला पिवळा, ५० ला लाल, ७० ला काळा. काळा इशारा असेल तेव्हा जिथे असाल तिथेच थांबावे, असा तिथला शिरस्ता आहे. ७ सप्टेंबर २०२३ च्या रात्री ११ ते १२ या एका तासात वेधशाळेत १५८.१ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. १८८४ साली तासाच्या पावसाच्या नोंदी सुरू झाल्यापासून एवढा पाऊस कधी पडला नव्हता. अशा पावसाचा खरा धोका पाण्यापेक्षा दरडींचा असतो. हाँगकाँगचे डोंगर मुख्यतः ग्रॅनाइटचे आणि ज्वालामुखीजन्य खडकाचे आहेत. उष्ण, ओल्या हवेत हा खडक कुजून खोलवर भुसभुशीत होतो. १८ जून १९७२ रोजी दोन ठिकाणी कोसळलेल्या दरडींखाली शंभराहून अधिक माणसे गेली. त्यानंतर उतारांची देखरेख करणारे स्वतंत्र सरकारी खाते उभे राहिले. आज रस्त्याकडेच्या कापलेल्या उतारांवर सिमेंटचा थर, पाणी निघण्याच्या नळ्या आणि क्रमांकाची पाटी दिसते. असे साठ हजारांच्या आसपास उतार नोंदवलेले आहेत. माळीण आणि इर्शाळवाडीच्या बातम्या वाचलेल्या मराठी प्रवाशाने त्या पाट्यांपाशी थोडे थांबावे. एखादे शहर दरडींचा प्रश्न चिकाटीने कसा हाताळते, याचा तो उघड्यावर मांडलेला वस्तुपाठ आहे.

ऋतू ठरला की मग कागदपत्रे. हाँगकाँग १ जुलै १९९७ रोजी ब्रिटनकडून चीनकडे आले, तरी त्याची सीमा, चलन आणि प्रवेशाचे नियम वेगळेच राहिले आहेत. भारतीय पारपत्रधारकाला १४ दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही. मात्र २०१७ पासून निघण्यापूर्वी आगमनपूर्व नोंदणी करणे सक्तीचे झाले आहे. ही नोंदणी हाँगकाँगच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य होते आणि निकाल बहुधा लगेच मिळतो. मान्य झालेल्या नोंदणीची चिठ्ठी कागदावर छापून सोबत ठेवावी लागते. ती सहा महिने चालते आणि त्या मुदतीत एकाहून अधिक वेळा प्रवेश करता येतो. पैसे घेऊन ही नोंदणी करून देणारी खासगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. त्यांची काहीच गरज नसते. नाव, जन्मतारीख, पारपत्र क्रमांक यांत एका अक्षराची चूक राहिली, तरी विमानतळावर अडचण येते. काही जणांची नोंदणी नाकारलीही जाते आणि मग रीतसर व्हिसासाठी अर्ज करावा लागतो, ज्याला आठवडे लागतात. म्हणून आधी नोंदणी आणि नंतर परत न मिळणाऱ्या पैशांची तिकिटे, हा क्रम मोडू नये. पलीकडच्या शेंझेनला किंवा चीनमध्ये इतरत्र जायचे असेल, तर चीनचा व्हिसा निराळा. मकाऊची इमिग्रेशन व्यवस्थाही स्वतंत्र आहे.

सामानाच्या बाबतीत काही नियम कडक आहेत. इ-सिगारेट हाँगकाँगमध्ये नेण्यास एप्रिल २०२२ पासून बंदी आहे. साध्या सिगारेटी जकातीशिवाय फक्त १९ नेता येतात. विसाचे पाकीट न फोडता नेले, तरी नियमभंग होतो. २०२४ पासून हॉटेलांना प्लॅस्टिकचे टूथब्रश, कंगवे आणि खोलीतल्या पाण्याच्या बाटल्या फुकट देता येत नाहीत, म्हणून या वस्तू घरूनच न्याव्यात. विजेची जोडणी ब्रिटिश पद्धतीची, तीन चौकोनी पिनांची आहे. कपडे सुती आणि सैल असावेत, छत्री घडीची असावी, आणि भर उन्हाळ्यातही एक शाल किंवा पातळ स्वेटर जवळ असावा. मॉल, बस आणि मेट्रो इतक्या गार ठेवलेल्या असतात की घामेजल्या अंगाने आत शिरणाऱ्याला सर्दी धरते.

हाँगकाँग डॉलर १९८३ पासून अमेरिकन डॉलरशी साधारण ७.८० ला एक या दराने बांधलेला आहे. रुपयात त्याची किंमत अकराच्या आसपास धरून हिशेब केला तर अंदाज चुकत नाही. नोटा तीन वेगवेगळ्या बँका काढतात. एकाच किमतीच्या नोटा निरनिराळ्या चित्रांच्या दिसल्या, तरी त्या खोट्या नसतात. खर्चाचा मोठा वाटा खोलीवर जातो. वाहतूक स्वस्त, खाणे मध्यम आणि जागा महाग, असे या शहराचे अर्थशास्त्र आहे. मध्यम दराच्या हॉटेलात दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडायला जागा नसते. २०२५ पासून खोलीभाड्यावर ३ टक्के करही पुन्हा लागू झाला आहे. बाहेरच्या रुग्णाकडून सरकारी रुग्णालयेही पूर्ण दराने पैसे घेतात, त्यामुळे प्रवास विमा टाळू नये.

मुंबईहून थेट विमान साधारण साडेपाच ते सहा तासांत पोहोचते, आणि तिथले घड्याळ भारतापेक्षा अडीच तास पुढे आहे. १९९८ साली सुरू झालेला विमानतळ लांताऊ बेटालगत, समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर आहे. विमानतळाची खास रेल्वे २४ मिनिटांत सेंट्रल भागात पोहोचवते. सामान फार नसेल आणि घाई नसेल, तर बस अधिक चांगली. ए२१ क्रमांकाची दुमजली बस प्रचंड पुलांवरून कौलूनच्या नेथन रोडपर्यंत जाते. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली, तर शहराची पहिली ओळख तिथेच होते.

विमानतळावरच ऑक्टोपस कार्ड घ्यावे. १९९७ साली निघालेले हे कार्ड मेट्रो, बस, ट्राम, बोट, किराणा दुकान, सगळीकडे चालते. मेट्रो १९७९ पासून धावते आणि ती वेळेची पक्की आहे, मात्र डब्यात किंवा फलाटाच्या आत खाणेपिणे चालत नाही. हाँगकाँग बेटाच्या उत्तर किनाऱ्याने १९०४ पासून ट्राम चालते; आजच्या गाड्या दुमजली आहेत. घंटेच्या आवाजावरून लोक तिला डिंग डिंग म्हणतात. कुठेही उतरले तरी भाडे एकच, तेही नाममात्र. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. ती आठवणारी माणसे आता वयस्कर झाली आहेत. नातवंडांसोबत अशा कुणाला न्यायचे असेल, तर एक संध्याकाळ या ट्राममध्ये काढावी.

शहराची रचना लक्षात आली की दिवस आखणे सोपे जाते. हाँगकाँगचे क्षेत्रफळ सुमारे १,११० चौरस किलोमीटर, लोकसंख्या ७५ लाखांच्या घरात. पण ही माणसे सपाट जमिनीच्या थोड्याशा पट्ट्यांत दाटीने राहतात. बाकीचे डोंगर, तलाव आणि किनारे आहेत. जवळजवळ ४० टक्के भूमी १९७६ च्या कायद्याने राखीव उद्याने म्हणून सांभाळलेली आहे. मधोमध बंदर, त्याच्या दक्षिणेला हाँगकाँग बेट, उत्तरेला कौलूनचे द्वीपकल्प, त्यापलीकडे न्यू टेरिटरीज, पश्चिमेला लांताऊ, आणि भोवती अडीचशेहून अधिक बेटे. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग बेट ब्रिटिशांकडे गेले, १८६० साली कौलून जोडले गेले, आणि १८९८ साली उत्तरेचा प्रदेश ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाला. १९९७ हे साल तिथून आले.

उष्ण शहरात दिवस कसा वापरावा, हे हाँगकाँगचे रहिवासी जाणतात. सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी पाचनंतर बाहेर, मधले तास छताखाली. सकाळी उद्यानांत म्हातारी माणसे संथ ताई-ची करत असतात. दुपारी संग्रहालये पाहावीत. पश्चिम कौलूनमध्ये २०२१ साली उघडलेले एम प्लस हे आधुनिक दृश्यकलेचे संग्रहालय आणि २०२२ चे राजवाडा संग्रहालय, जिथे बीजिंगच्या राजवाड्यातला ठेवा मांडला जातो, ही दोन्ही अर्धा-अर्धा दिवस घेण्याजोगी आहेत. पहिले सोमवारी आणि दुसरे मंगळवारी बंद असते. सेंट्रलमध्ये जुने पोलीस ठाणे आणि तुरुंग यांचे ताई क्वुन हे कलाकेंद्र झाले आहे. त्याच्या शेजारून डोंगरावर चढणारा सरकता जिना जातो. १९९३ साली बांधलेली सरकत्या जिन्यांची ही मालिका सुमारे ८०० मीटर लांब आहे. सकाळी दहापर्यंत ती खाली येते, कारण लोक कामावर निघालेले असतात. नंतर मध्यरात्रीपर्यंत वर जाते. घाम गाळणाऱ्या चढावर शहराने शोधलेला हा उपाय भाड्याशिवाय वापरता येतो.

व्हिक्टोरिया पीक हे ५५२ मीटर उंचीचे शिखर प्रत्येक सहलीच्या यादीत असते. १८८८ पासून तिथे दोरखंडाने ओढली जाणारी पीक ट्राम जाते. बहुतेक प्रवासी सूर्यास्ताला जातात आणि रांगेतच अंधार होतो. सकाळी लवकर बसने वर जाऊन लुगार्ड रोडवरून शिखराला सपाट वळसा घालणे कितीतरी चांगले. झाडी असते, सावली असते, आणि एका वळणावर अख्खे बंदर खाली उघडे पडते. ढग खाली उतरलेले असतील त्या दिवशी मात्र वर जाण्यात अर्थ नाही. संध्याकाळ त्सिम शा त्सुईच्या धक्क्यावर काढावी. रात्री आठला समोरच्या इमारतींवर दिव्यांचा खेळ होतो.

तिथून परतायचे ते स्टार फेरीने. बंदर ओलांडणाऱ्या या बोटींमागे मुंबईचा माणूस आहे. मुंबईहून आलेले पारशी उद्योजक दोराबजी नौरोजी मिठाईवाला यांनी १८८८ साली कौलून फेरी कंपनी स्थापन केली. पुढे १८९८ साली तिची स्टार फेरी झाली. बोटींना आजही ताऱ्यांचीच नावे आहेत. मुंबईचेच होरमसजी नौरोजी मोदी यांच्या देणगीतून हाँगकाँग विद्यापीठाची मुख्य इमारत उभी राहिली. विद्यापीठाचे स्थापनावर्ष १९११. त्सिम शा त्सुईत मोदी रोड त्यांच्याच नावाचा. वान चायमधले रतनजी रुग्णालय १९४९ साली क्षयरोग्यांसाठी सुरू झाले. जहांगीर होरमसजी रतनजी यांनी क्षयाने गेलेल्या आपल्या मुलीच्या आठवणीखातर ते उभारले. हॅपी व्हॅलीत पारशी दफनभूमी आहे, हिंदू मंदिर आहे. वान चायमध्ये १९०१ साली शीख सैनिकांनी स्थापन केलेला गुरुद्वारा आहे. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्याविरुद्धच्या लढाईत राजपूत आणि पंजाब रेजिमेंटचे सैनिक इथे लढले आणि पडले. साई वान येथील युद्ध दफनभूमीत त्यांची नावे कोरलेली आहेत. सहलींच्या ठरीव कार्यक्रमांत यांतले काहीही नसते, ही खेदाची गोष्ट आहे. खुणा भाषेतही उरल्या आहेत. वाहनतळावर आणि रुग्णालयात पैसे भरण्याच्या खिडकीवर इंग्रजीत ‘श्रॉफ’ असे लिहिलेले असते, म्हणजे सराफ. उघड्या गटाराला तिथे आजही ‘नाला’ म्हणतात आणि नालाह रोड, स्टोन नालाह लेन अशा नावांचे रस्ते आहेत.

खाण्याची चिंता शाकाहारी प्रवाशाला सर्वांत जास्त असते आणि ती अनाठायी नाही. भाजीत कालवांचा रस, सुक्या कोळंबीची पूड किंवा डुकराची चरबी असू शकते, आणि ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. उपयोगी पडणारा शब्द ‘जाय’. बौद्ध पद्धतीच्या शुद्ध शाकाहारी जेवणाला कँटोनीज भाषेत जाय म्हणतात, आणि हा शब्द उच्चारला की मासे, अंडी, चरबी सारेच वगळले जाते. या परंपरेत कांदा आणि लसूणही वर्ज्य आहेत, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यालाही ते जेवण चालावे. डायमंड हिल येथे ची लिन भिक्षुणी-मठाला लागून असलेल्या नान लियान बागेत असे उत्तम उपाहारगृह आहे. घरच्यासारखे जेवण हवे असल्यास नेथन रोडवरच्या चुंगकिंग मॅन्शन्स या १९६१ सालच्या इमारतीत भारतीय खानावळी आहेत. आत गजबज आणि दुकानदारांची ओढाताण असते, पण जेवण चांगले मिळते. मांसाहार करणाऱ्याने सकाळचा डिम सम चुकवू नये. वाफवलेल्या छोट्या पदार्थांच्या बांबूच्या टोपल्या आणि सोबत चहा असा हा बेत सकाळी उशिरा कुटुंबे मिळून करतात. दुधाचा कडक चहा, अंड्याचा टार्ट आणि गोड पाव हे चा चान तेंग या साध्या चहागृहांत मिळते. गर्दीच्या वेळी अनोळखी माणसांसोबत एकाच टेबलावर बसावे लागते. इराण्याच्या हॉटेलात चहा प्यालेल्यांना ते नवे नाही.

शहराबाहेर पडणे हा या सहलीचा उत्तम भाग आहे आणि बहुतेक जण तोच गाळतात. लांताऊवर न्गाँग पिंगला जाणारी ५.७ किलोमीटरची रज्जुमार्गाची सफर साधारण २५ मिनिटांची. वर पो लिन मठाजवळ १९९३ साली पूर्ण झालेली ब्राँझची ३४ मीटर उंच बुद्धमूर्ती आहे. २६८ पायऱ्या चढून मूर्तीपाशी जाता येते. जोराचा वारा असला की रज्जुमार्ग बंद ठेवतात, म्हणून बसचा पर्याय माहीत असावा. तिथून पुढे ताई ओ हे खांबांवरच्या घरांचे मासेमारी गाव आहे. डिस्नेलँड याच बेटावर आहे. लहान मुले सोबत असतील तर त्याला एक दिवस द्यावाच लागतो. मोठ्यांनीच जायचे असेल तर तो दिवस डोंगराला द्यावा. ड्रॅगन्स बॅक ही हाँगकाँग बेटाच्या आग्नेय टोकाची डोंगरधार सुमारे साडेआठ किलोमीटरची आहे. शाऊ केई वान स्थानकाजवळून ९ क्रमांकाची बस पायथ्याशी सोडते, वाट दोन्ही बाजूंना समुद्र दाखवत जाते आणि पुळणीवर उतरते. राजमाची किंवा हरिश्चंद्रगड चढलेल्याला ती सोपी वाटेल, पण वाटेत पाणी मिळत नाही आणि धारेवर सावली नाही.

भूगर्भाची आवड असणाऱ्याने पूर्वेला साई कुंगला जावे. तिथल्या हाय आयलंड जलाशयाच्या पूर्व धरणापाशी षटकोनी दगडी स्तंभांचे कडे समुद्रात उतरतात. सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या राखेचा जाड थर थंड होताना आक्रसला आणि त्याला अशा नियमित भेगा पडल्या. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर असेच स्तंभ आहेत. पण ते काळ्या बेसाल्टचे आणि सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. साई कुंगचा खडक फिकट रंगाचा, सिलिकाने समृद्ध, आणि वयाने दुपटीहून मोठा. हा परिसर युनेस्कोच्या भू-उद्यानांच्या जाळ्यात आहे. गिल्बर्ट हिल मात्र भोवतालच्या वस्तीत गुदमरून उभी आहे.

एकूण मुक्काम पाच दिवसांचा धरावा. तीन दिवसांत मॉल आणि पीक एवढेच होते. पहिला दिवस बंदराच्या दोन्ही काठांना, ट्राम आणि स्टार फेरीसह. दुसरा लांताऊला. तिसरा कौलूनला, म्हणजे सकाळी ची लिन, दुपारी संग्रहालय, रात्री टेंपल स्ट्रीटचा बाजार. चौथा ड्रॅगन्स बॅक किंवा मुलांच्या आवडीचा. हा क्रम पक्का बांधू नये. रोज सकाळी वेधशाळेचा अंदाज पाहावा, स्वच्छ आकाशाचा दिवस डोंगराला आणि पावसाचा दिवस संग्रहालयाला द्यावा. रविवारी सेंट्रलच्या पुलांवर आणि चौकांत फिलिपिनी व इंडोनेशियन घरकामगार स्त्रिया सुट्टी घालवायला जमतात, त्यामुळे त्या दिवशी तिथे गर्दी असते; बेटांच्या बोटीही रविवारी भरून जातात. पाचव्या दिवसासाठी काहीच ठरवू नये. वादळ, पाऊस किंवा थकवा यांतले कोणी ना कोणी तो मागून घेते. कोणीच मागितला नाही, तर तो साई कुंगला द्यावा.